पन्नाशीत पुन्हा गुहेत उतरताना

जालना जिल्ह्यात राहून गुहांचा नाद लागणं तसं गैरसोयीचंच. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले, तोच हा बेसॉल्ट. लांबलचक, फाटे फुटलेल्या गुहा होतात त्या बहुतेक करून खडक विरघळल्यामुळे, आणि बेसॉल्ट तसा विरघळत नाही. चुनखडक विरघळतो. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, खडकाच्या भेगेत शिरतं आणि हजारो-लाखो वर्षांत ती भेग माणूस चालेल इतकी रुंद करतं. तेच पाणी पुढे गुहेच्या छतातून ठिबकतं तेव्हा त्यातला वायू उडून जातो, चुना मागे राहतो आणि छताला लवणस्तंभ लोंबू लागतात. बोअरच्या पाण्याने आपल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, ती हीच रसायनक्रिया. मोसंबीची बाग लावण्याआधी जमिनीत चुनखडी किती आहे ते आपले शेतकरी तपासून घेतात, पण ती मातीत खड्यांच्या रूपाने असते. तिचा अखंड खडक इथे नाही, म्हणून तशी गुहाही नाही.

लाव्ह्यातही गुहा होऊ शकते. वाहत्या लाव्ह्याची वरची साय थिजते, आतला रस पुढे निघून जातो आणि मागे पोकळ नळी उरते. हवाई बेटांवर अशा नळ्या मैलोगणती आहेत, पण दख्खनच्या पठारावर धडपणे टिकलेल्या फार थोड्या. सह्याद्रीत आहेत त्या घळी, म्हणजे कठीण थराखालचा मऊ थर झिजून झालेल्या कपारी. समर्थ रामदास आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, जन्म १६०८ चा. त्यांचं नाव महाड तालुक्यातल्या शिवथरघळीशी जोडलेलं आहे. जालन्याच्या माणसाला गुहेसाठी जिल्ह्याबाहेर पडावं लागतं, ही रीत अशी जुनीच म्हणायची. जिल्ह्यात आहेत ती लेणी. भोकरदनला केळणेच्या काठी, अंबड तालुक्यात रोहिलागडला. पण ती छिन्नीने कोरलेली. तिथे पाहायला जायचं, दोर लावायला नाही.

तेव्हा ऐन पंचविशीत गुहांच्या मागे लागलेली इथली माणसं बस्तरला, आंध्रात, मेघालयात जायची. मीही त्यातलीच. मग नोकरी, मुलांच्या दहावी-बारावी, घरातली आजारपणं, आणि सामानाची पत्र्याची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. मुलं बाहेरगावी शिकायला गेली की असे नाद परत डोकं वर काढतात. अशांसाठी हा लेख आहे: पेटी खाली काढल्यापासून गुहेतून परत येईपर्यंत काय काय करायचं, कोणत्या क्रमाने आणि का.

पेटीतलं निम्मं सामान टाकून द्यायचं आहे, हे आधी मनाला पटवा. दोर नायलॉनचा असतो. आतला गाभा भार घेतो आणि वरचं विणलेलं आवरण गाभ्याला जपतं. न वापरताही नायलॉन म्हातारं होतं. दोर, हार्नेस, पट्टे अशा कापडी सामानाचं आयुष्य बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात, तेही बनवल्याच्या तारखेपासून. आपल्याकडे आणखी एक भानगड असते, ती म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरीचं आम्ल किंवा त्याची वाफ नायलॉनला लागली तर दोर आतून कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही. जिन्याखाली इन्व्हर्टरशेजारी ठेवलेला दोर नवा असला तरी माझ्या लेखी बाद. अॅल्युमिनियमच्या कॅराबिनरना वयाची अशी अट नाही. दोर घासून खोबण पडली आहे का, दार आपोआप मिटतं का, तडा आहे का, एवढं बघायचं. बुटांचं मात्र आश्चर्य वाटेल. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटांच्या तळव्यातलं पॉलियुरेथेन दमट हवेने भुसभुशीत होतं आणि पहिल्याच चालीत तळवा सुटून हातात येतो. गुहेत तसाही साधा गमबूट पुष्कळांना आवडतो, आणि तो कृषी सेवा केंद्रात मिळतो. फवारणीला वापरलेला तेवढा नेऊ नका.

कार्बाइडचा दिवा असेल तर तो शोकेसमध्ये ठेवा. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकलं की अॅसिटिलीन वायू निघतो, तो पेटवायचा. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच हे कार्बाइड. त्याचा उबदार पिवळा उजेड मला अजूनही एलईडीपेक्षा आवडतो, पण जळून उरलेला चुन्याचा चिखल लोक गुहेतच ओतून यायचे. आता हेल्मेटवर एलईडी, आणि एकूण तीन स्वतंत्र दिवे जवळ. मोबाइलची बॅटरी त्यात मोजायची नाही.

आता शरीराकडे वळू. तिशीनंतर, व्यायाम नसेल तर, शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी उतरते. स्नायूही आटतात. पण हे हळूहळू होतं आणि सवयीचं होऊन जातं, त्यामुळे मनातल्या हिशेबात आपण पंचविशीचेच असतो. डॉक्टरांकडे ‘ट्रेकिंगला जातेय’ एवढंच सांगू नका. दोरावर लटकून पायांच्या जोराने वर चढायचं आहे, मदत यायला अनेक तास लागतील, आत फोन लागत नाही, असं स्पष्ट सांगा. ते बहुधा टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयचाचणी, करायला लावतील. (जालन्यात टीएमटी म्हटलं की आधी सळई आठवते, ते सोडा.) रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी वाढत नाही, मग दम किती लागलाय ते नाडीवरून कळत नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर खिशात हवी, पाठीवरच्या बॅगेत नको. अरुंद जागी बॅग पुढे ढकलत न्यावी लागते आणि नेमक्या वेळी ती हाताबाहेर असते.

गुडघ्यांबद्दल सगळेच बोलतात. डोळ्यांबद्दल मात्र कुणी सांगत नाही. हार्नेस घातल्यावर छातीवरचं उपकरण डोळ्यांपासून जेमतेम वीतभर-दीड वीत अंतरावर येतं. चाळिशी लागलेल्याला नेमकं तेवढ्याच अंतरावरचं धूसर दिसतं. उपकरणाचा दात दोरावर नीट बसला की नाही, कॅराबिनरचं कुलूप लागलं की नाही, हे सगळं त्या धूसर पट्ट्यात. प्रोग्रेसिव्ह चष्मा घालावा तर खाली पाय कुठे ठेवायचा ते पाहताना नजर जवळच्या भिंगातून जाते आणि जमीन हलल्यासारखी वाटते. मला मानवला तो साधा लांबचा चष्मा, मागे पट्टी लावलेला. उपकरणं बोटांनी ओळखायची. घरी रात्री दिवा मालवून हार्नेस चढवा, कॅराबिनर उघडा, लावा, कुलूप फिरवा, परत तपासा. टीव्हीवर मालिका चालू असताना हा सराव छान होतो, घरचे काय म्हणतील ते म्हणोत.

महाराष्ट्रात रॅपलिंग पुष्कळांनी केलेलं असतं. पावसाळ्यात धबधब्यांवर तर दोरांची जत्राच भरते. तिथे कड्यावरून उतरलं की खाली वाट असते, चालत गावात यायचं आणि पिठलं-भाकरी खायची. गुहेतल्या उभ्या विवराच्या तळाशी तशी वाट सहसा नसते. जो दोर खाली नेतो त्याच दोराने वर यायचं. उतरताना काम गुरुत्वाकर्षण करतं, आपण नुसता ब्रेक धरतो. चढताना प्रत्येक इंच आपला आपण कमवायचा, आणि तोही दिवसाच्या शेवटी, भिजून थकल्यावर. म्हणून मध्येच सोडून दिलेल्या माणसाने शिकण्याचा क्रम उलटा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. आधी चढणं पक्कं करायचं. उतरणाऱ्या उपकरणाला नंतर हात लावायचा.

चढायची सगळ्यात रुळलेली पद्धत बेडकाच्या हालचालीची. छातीच्या खाली, पोटाजवळ एक पकड बसवलेली असते. हातात दुसरी, तिला पायासाठी दोरीचा फास. दोन्ही पकडी दोरावर वर सरकतात, पण खाली येत नाहीत, कारण आत तिरके दात असतात आणि भार आला की ते दोराला दाबून धरतात. हार्नेसमध्ये बसायचं, हातातली पकड वर सरकवायची, गुडघे पोटाशी घेऊन दोन्ही पाय फासात, आणि उभं राहायचं. उभं राहताना पोटाजवळची पकड आपोआप दोरावर वर येते. परत बसायचं. एका उठाबशीत फूट-सव्वा फूट मिळतं. ३० मीटरच्या विवराला म्हणजे शंभराच्या आसपास उठाबशा. यात एक गोम आहे. पाय जर पुढे ढकलले तर शरीर मागे कलतं आणि सगळा भार हातांवर येतो. विशीत हात ते निभावून नेतात, पन्नाशीत खांदा दुखावतो आणि महिनोन् महिने भरून येत नाही. टाचा बुडाखाली ओढून घ्यायच्या आणि सरळ खाली दाबायचं. जोर मांड्यांचा. भारतीय बैठकीची, उकिडवं बसण्याची सवय राहिली असेल तर इथे ती कामाला येते.

सरावाला उंच कडा लागत नाही. इंजिनिअरने भाराची खात्री दिलेल्या शेडच्या गर्डरला उतरायचं उपकरण बांधायचं, दोर त्यातून ओवायचा. एक टोक चढणाऱ्याकडे, दुसरं खाली उभ्या असलेल्या जोडीदाराकडे. चढणारा जितका वर सरकतो तितका दोर जोडीदार सोडत राहतो. चढणारा जमिनीपासून हातभर वरच राहतो आणि कितीही मीटर चढू शकतो. जीव घाबरला तर जोडीदार क्षणात पाय टेकवतो. हा सराव एकट्याने कधीही करू नये, आणि कारण नुसतं पडण्याचं नाही. हार्नेसमध्ये माणूस निश्चल लटकला तर रक्त पायांत साचतं, हृदयाकडे परत येणारं कमी होतं आणि काही मिनिटांत चक्कर येऊ शकते. थकलात तरी पाय हलवत राहा. शुद्ध हरपलेल्याला दोरावरून चटकन खाली आणणं, हाच खरा प्रथमोपचार.

चढणं अंगात मुरलं की मग अदलाबदल शिकायची. समजा अर्ध्यात पोचलात आणि खाली परत जायचं आहे. हातातली पकड खाली आणा, पोटाजवळच्या पकडीच्या चार बोटं वर. उतरायचं उपकरण हार्नेसला लावा. पोटाजवळच्या पकडीखालचा दोर त्यात ओवा, ढील सगळी ओढून घ्या, गाठ मारून ते कुलूपबंद करा. आता फासात उभं राहा. पोटाजवळच्या पकडीवरचा भार गेला, तिचा दात अंगठ्याने उघडा, दोर बाहेर काढा आणि हळूच बसा. भार नव्या उपकरणावर आला. तो आलाय याची डोळ्यांनी नाही, बुडाने खात्री करा. मगच हातातली पकड सोडवा. बहुतेकांची फजिती होते ती पहिल्याच पायरीवर. पकड वर, हात ताणून पोचेल तिथे राहिलेली असते. मग बसल्यावर सगळा भार तिच्या पट्ट्यावर येतो, ती सोडवता येत नाही, आणि माणूस दोन उपकरणांच्या मध्ये लटकतो. ही अदलाबदल दोन्ही बाजूंनी, डोळे मिटून, न अडखळता जमेपर्यंत गुहेचं तिकीट काढू नका.

इथे हटकून कुणीतरी सुचवतं की शेतात साठ फुटी विहीर पडलीय, तिथेच सराव करू. नको. विहिरीच्या वरच्या भागात माती आणि मुरूम, त्यावर अँकर बसत नाही, आणि दोराच्या घासण्याने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात. त्याहून वाईट म्हणजे हवा. बंद, वापरात नसलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. गाळ काढायला एक उतरला, पडला, त्याला काढायला दुसरा उतरला आणि तोही गेला, अशा बातम्या आपण वाचतोच. जुनी माणसं आधी पेटता कंदील सोडतात, निंबाची डहाळी बांधून वरखाली करून हवा ढवळतात. ढवळणं चांगलंच. पण कंदिलावर भिस्त नको. ज्योत विझते ती ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की, आणि तोपर्यंत कार्बन डायऑक्साइड चार-पाच टक्क्यांवर गेलेला असू शकतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. तीन टक्क्यांना श्वास आपोआप जोरात चालतो, पाच टक्क्यांना डोकं ठणकतं आणि धाप लागते, दहाच्या आसपास शुद्ध जाते. गुहेतही हेच गणित. मध्यमवयीन माणसाची पंचाईत अशी की धाप लागली तर त्याला वाटतं, आपलं वय झालं. विनाकारण श्वास वाढला तर आधी हवेवर संशय घ्यावा आणि आल्या वाटेने परत फिरावं. वायू मोजणारं छोटं यंत्र मिळतं, गटाकडे एक हवंच.

वटवाघळांच्या बाबतीत तेव्हा आम्ही फारच बेफिकीर होतो. सुक्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू श्वासातून गेले की हिस्टोप्लाझ्मोसिस होऊ शकतो. आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. घाबरून जाण्याचं कारण नाही. एन-९५ मास्क लावा, वटवाघळांना हात लावू नका, त्यांच्या विणीच्या काळात त्या दालनात जाऊच नका. एका गुहेचा चिखल दुसऱ्या गुहेत नेऊ नका, कारण अमेरिकेत २००६ पासून लाखो वटवाघळं मारणारी बुरशी माणसांच्या कपड्या-बुटांवरूनही पसरू शकते.

पहिली गुहा कोणती घ्यावी? दोर न लागणारी. जालन्याहून रेल्वेने सिकंदराबाद आणि तिथून पुढे आंध्रातलं बेलम सोयीचं. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फुट यांनी १८८४ मध्ये या गुहांची नोंद केली. १९८२-८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन गटाने त्यांचं मोजमाप केलं. लांबी ३,२२९ मीटर, त्यातला साधारण निम्मा भाग पर्यटकांसाठी उघडा आणि दिवे लावलेला. आत उकडतं आणि घामाने जीव नकोसा होतो, पण अंधार, दमट हवा आणि वाकून चालणं यांना शरीर कसं उत्तर देतं ते कळतं, आणि वाटलं तर सरळ बाहेर येता येतं. दुसरी बस्तरची कोटमसर गुहा, कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात. पावसाळ्यात ती बंद असते. तिथल्या पाण्यात डोळे क्षीण झालेले, फिकट मासे आहेत. ते ज्या जातीचे मानले जातात तिचं पहिलं वर्णन १८७२ मध्ये झालं, पुण्याच्या माशांवरून. आपल्याकडच्या ओढ्यात हा मासा नीट डोळस असतो. कोटमसरला गेलात तर या गावबंधूंना बॅटरीच्या झोतात उगाच धरून ठेवू नका.

मग मेघालय. तिथे नोंदलेल्या गुहांची संख्या हजाराच्या वर आहे. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब. २०१८ मध्ये मोजलेली क्रेम पुरी साडेचोवीस किलोमीटरची, वालुकाश्मातली जगातली सर्वात लांब म्हणून तिची ख्याती झाली. शिलाँगची मेघालय अॅडव्हेंचरर्स असोसिएशन १९९० च्या दशकापासून परदेशी गटांबरोबर तिथे मोजमापाच्या मोहिमा काढते आहे. जमीन गावाची किंवा कुळाची असते, म्हणून गावच्या मुखियाची परवानगी आधी. हंगाम डिसेंबर ते मार्च. कित्येक गुहा म्हणजे जमिनीखालच्या नद्याच, तासन् तास गुडघाभर-कंबरभर पाण्यात चालणं. सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब काढून घेतो, म्हणून सिंथेटिक किंवा लोकर. मध्यमवयीन माणसाला इथे एक चांगलं काम मिळतं, ते मोजणीचं. फीत धरायची, होकायंत्र वाचायचं, नकाशा काढायचा. हळू चालतं, घाई करून चालत नाही, आणि मोहिमेला शेवटी उपयोग त्याच वहीचा होतो. पंचविशीत मला हे काम शिक्षा वाटायचं. आता ते मी मागून घेते.

गट किमान चौघांचा. एक जखमी झाला तर एकाने त्याच्यापाशी थांबायचं, दोघांनी बाहेर जायचं. आत जाण्याआधी बाहेरच्या कुणाला तरी परतीची वेळ लिहून द्यायची, आणि त्या वेळेनंतर किती थांबून हाकाटी करायची तेही. पावसाची चिन्हं असतील तर बेत रद्द. तोंडाशी ऊन असताना दूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस काही वेळाने आत भरतो. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत जून २०१८ मध्ये बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक असेच अडकले होते. तिथला पाणीउपसा करायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते हे आठवत असेल. इतकी यंत्रणा जमवूनही सगळी मुलं बाहेर यायला १० जुलै उजाडला आणि एका पाणबुड्याचा जीव गेला.

परतल्यावर सामान त्याच आठवड्यात धुवायचं. दोरातला चिखल साध्या पाण्याने, बादलीत खळबळून. वॉशिंग पावडर नको. वाळवायचा सावलीत. आपल्या गच्चीवरचं मार्च-एप्रिलचं ऊन दोराला विषासारखं. वाळला की हातातून इंचाइंचाने सोडून बघा, कुठे मऊ पडलाय, कुठे फुगलाय. पकडींच्या दातांत अडकलेली वाळू जुन्या टूथब्रशने काढा. मग दोराच्या टोकाला पट्टी चिकटवून त्यावर बनवल्याचं वर्ष लिहा, आणि पेटी यंदा माळ्यावर नको, इन्व्हर्टरपासून लांब, हाताशी येईल अशा ठिकाणी ठेवा.